हिल्काच्या पटावरचा ओ

मी ओ बोलतोय. इंग्रजीतला ओ. लाकडाचा, नखाएवढा, एका कोपऱ्याला झिजलेला. शिक्षण विचाराल तर एकच अक्षर, तेही पोटावर छापलेलं. पण चाळीस वर्षं शब्दांत उठबस केलीय, तेव्हा मला शिकवायला येऊ नका.

जन्म मेपलच्या फळीतला. कारखाना आठवत नाही, करवत तेवढी आठवते. शब्द जुळवायच्या खेळाची आम्ही शंभर अक्षरं एका कापडी पिशवीत कोंबले गेलो आणि तळ्याकाठच्या थंडर बे गावात आर्वोच्या घरी आलो. आर्वो धान्याच्या बोटींवर राबायचा. फिनलंडहून आलेला माणूस, इंग्रजी तोडकंमोडकं. बायको हिल्का, तिचंही तेच. वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत दोघं इंग्रजी शिकले ते आमच्या अंगावर. त्यांना आखूड शब्द आवडायचे. त्यातही मी आणि ई शेजारीशेजारी आलो की फार खूश. ‘डो’ म्हणजे हरिणी, ‘टो’ म्हणजे पायाचं बोट, ‘रो’ म्हणजे माशाची अंडी. जंगल आणि तळं, सगळं ओळखीचं.

आर्वोचा नियम मात्र कडक. शब्द लावला की वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपायच्या आत अर्थ तोंडानं सांगायचा. नाही आला, शब्द उचला. समोरचा थापा मारतोय असं वाटलं तर त्याच्या शब्दावर बोट ठेवायचं. पण मग खरा अर्थ बोट ठेवणाऱ्यानं सांगायचा, नाहीतर त्याचाच एक शब्द गेला असं धरायचं. “अर्थ माहीत नसताना शब्द लावणं म्हणजे शेजाऱ्याचे बूट घालून मिरवणं,” असं म्हणायचा तो.

तो गेला आणि आम्ही कपाटात गेलो. सहा वर्षं कुणी विचारलं नाही. मुलगा राउनो टोरांटोला. तो हाच खेळ फोनवर खेळतो. काच घासायची आणि म्हणायचं खेळलो.

गेल्या हिवाळ्यात हिल्काला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द सांडले. मीठ हवं असलं तर खिडकी मागते. डोक्यात सगळं लख्ख, जिभेवर येत नाही.

मार्चमध्ये राउनो आला, दोन दिवस गाडी हाकून. टोरांटोच्या वृद्धाश्रमात खोली ठरवून आला होता. आईची बॅगही त्यानंच भरली आणि दाराशी ठेवली. हिल्कानं कपाट उघडलं आणि पिशवी टेबलावर आपटली. माझा कोपरा दुखला.

“आई, आता खेळ?”

“बाबांचा… नियम.”

राउनोनं बॅगकडे पाहिलं. “बरं. तुझे तीन शब्द परत गेले, तर आज निघायचं. कुरकुर करायची नाही. नाही गेले, तर बॅग मी वर नेऊन ठेवतो. कबूल?”

“लाव.”

पहिला शब्द तिचा गेला. नंतर तिनं ‘रो’ लावला, माझ्याच एका भावाला घेऊन. वाळू पडायला लागली. “मासा… माशाची… बटणं.” स्वतःवरच चिडली. उठली, फ्रीजमधून अंड्यांची बरणी काढून त्याच्यापुढे ठेवली.

“अगं, मला कळतंय ते. पण तोंडानं सांगायचं ना?”

तिनं अक्षरं उचलली. दोन झाले. मी तेव्हा राउनोपुढच्या अक्षरांच्या पट्टीवर होतो. त्याच्या बोटांना घाम होता.

त्यानं मला लावलं. मी आणि ई, दोघंच. घड्याळ उलटं केलं आणि म्हणाला, “पक्षी. समुद्रावरचा.”

थाप! चाळीस वर्षं मी त्या शब्दात बसतोय. पण ओरडू कशानं? पोटावर अक्षर आहे, तोंड नाही.

हिल्कानं माझ्यावर बोट ठेवलं.

“आई, राहू दे. तिसरा जाईल.”

“गप रे!”

त्यानं घड्याळ फिरवलं. तिनं गाल फुगवले आणि पटावर फुंकर घातली, बोट हवेत गरगर फिरवलं. आर्वोही अस्संच करायचा. राउनोनं मान हलवली. “तोंडानं.”

“पा… पाणी नाही. पा… दोर… नाही, नाही!” तिनं टेबलावर मूठ मारली. आम्ही सगळे जागचे हललो. तिचं बोट माझ्यावरून उठलं नाही. राउनोचे ओठ हलायला लागले. नुसतंच हलले, कारण त्याला अर्थ ठाऊकच नव्हता. फोनवरची यादी पाठ केलेली. सांगणार काय, कपाळ?

मी पटावरून घड्याळाच्या काचेकडे पाहत होतो. वाळू खाली गेली. शेवटचा कण पडला.

राउनोनंही पाहिला. तिचे डोळे मिटलेले होते. त्यानं हळूच पंजा पुढे केला आणि घड्याळ त्याखाली झाकून टाकलं. आणि बसून राहिला. घाई नाही, सुचवणं नाही. बाहेर छतावरचं बर्फ घसरून पडलं तरी मान वर केली नाही.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही.

“वारा,” हिल्का म्हणाली. “समुद्रा… वरचा. गर… गरगरा.”

“बरोबर असेल,” राउनो म्हणाला. “मला माहीत नव्हतं, आई. थाप मारली.”

“उचल मग.”

त्यानं मला उचललं. डाव संपेपर्यंत तिचा तिसरा शब्द गेला नाही. मग राउनो बॅग घेऊन जिना चढला. कपडे मात्र तिनं स्वतः लावले, त्याला हात लावू दिला नाही.

आता मी रोज सकाळी टेबलावर असतो. ती एकेक शब्द लावते आणि भिंतीला अर्थ सांगते. माझी छपाई उडत चाललीय. थोड्या दिवसांनी मी कोराच होईन. होऊ दे.

मी नियमाचा माणूस आहे. दुसऱ्या कुणी वाळू झाकली असती तर मी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी मी गप्प बसलो, आणि आजवर पिशवीतल्या कुणाजवळही बोललो नाही. तुम्हाला सांगितलं, ते पोटात ठेवा. कधी हिल्काकडे कॉफीला गेलात, तर वाळूचा विषय काढू नका. हट्टी बाई आहे. तिला कळलं, तर उठून स्वतः बॅग भरेल.