उताऱ्यात नसलेलं मत

इंग्रजीच्या सराव-वहीतले नऊ प्रश्न तिने झटपट उरकले. तिची रीत ठरलेली होती. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. अख्खा उतारा वाचत बसायचा कशाला? दहाव्या प्रश्नाला मात्र गाडं अडलं. अर्ध्या तासात शाळेची बस येणार होती, आणि वही अपुरी दिली तर बाई तिला वरच्या तुकडीतून खाली पाठवणार होत्या. ती उठे, खिडकीशी जाई, परत येऊन बसे.

"अगं, अंगात वारं शिरलंय का?" शिलाई मशीनवरून मावशीने विचारलं.

"पोस्टमनने पत्र फोडलं ते योग्य का, तुमचं मत लिहा, म्हणे. माझं मत उताऱ्यात कुठेच सापडत नाहीये!"

मावशी पोट धरून हसली. "तुझं मत त्यांच्या उताऱ्यात कसं गं असेल? पत्र होतं कुणाचं?"

"काय माहीत!"

"मग वाच की, बये."

घड्याळाकडे एक डोळा ठेवून तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पत्र एका म्हातारीला आलेलं होतं, आणि तिला दिसत नव्हतं. तिचा मुलगा आता कधीच परतणार नव्हता, असं पत्रात होतं. आणि पोस्टमनने 'लवकरच येतो' असं वाचून दाखवलं होतं.

"मावशी, खोटं बोलला गं तो तिच्याशी!"

"देवा रे! अगं, मग तेच लिही."

खाली बस हॉर्न वाजवू लागली. ती उभ्यानेच लिहीत होती, आणि मत काही दिलेल्या तीन ओळींत मावेना.