थंड नाश्त्याच्या तीन सकाळी

ती टॉवर क्रेन चालवायची. साइटवर मुकादमापासून गोण्या वाहणाऱ्यांपर्यंत सगळे तिला ‘क्रेनताई’ म्हणायचे. सकाळी सातला शिडी चढून वरच्या केबिनमध्ये बसली की दुपारपर्यंत खाली उतरायचं नाही. नाश्ता वरच करायचा, आणि वर ना चूल ना शेगडी. अकरा वर्षांत न शिजवता काय काय खाता येतं, हे तिला पाठ झालं होतं.

त्याच केबिनमधून तिने ते पाहिलं. आठव्या मजल्याच्या कडेला काम करणारा वेल्डर तोल जाऊन खाली पडला. त्याच्या अंगावर सेफ्टी बेल्ट नव्हता; साइटवरचे बेल्ट कुलपातच असायचे. बाकीचे लोक धावत येण्याआधी मुकादम आणि साइट इंजिनिअर त्याच्यापाशी पोचले. इंजिनिअर आडोसा करून उभा राहिला, आणि मुकादमाने त्या पडलेल्या माणसाच्या अंगात बरोबर आणलेला बेल्ट चढवला. आधी एक पाय, मग दुसरा, मग छातीवरचं बक्कल. पुढे कागदोपत्री लिहिलं गेलं की बेल्ट होता, पण वेल्डरने तो दोरीला अडकवलाच नाही, चूक त्याचीच. जमिनीवरच्या कुणालाच काही दिसलं नव्हतं. दिसलं ते फक्त वर बसलेल्या तिला.

तिने पोलिसांना जबाब दिला, आणि त्या आठवड्यापासून घरासमोर एक राखाडी गाडी उभी राहू लागली. एकदा गाडीतल्या माणसाने तिच्या सासूबाईंना अगदी नम्रपणे विचारलं, “सूनबाई कामावरून किती वाजता येतात हो?” सासूबाईंनी त्याला “तुझ्या आईला विचार” असं सांगितलं खरं, पण घरात येऊन त्यांनी तीनदा कडी तपासली.

म्हणून साक्षीची तारीख आल्यावर वेल्डरच्या बायकोच्या वकीलबाईंनी तिला आदल्या संध्याकाळीच कोर्टाच्या गावी आणलं आणि एका हॉटेलात स्वतःच्या नावावर खोली घेऊन दिली. नवरा ट्रक घेऊन बारा दिवसांच्या फेरीवर गेलेला. सासूबाई म्हणाल्या, “मी एकटी घरात बसून भिंतींशी गप्पा मारू काय?” आणि पिशवी भरून बरोबर निघाल्या.

वकीलबाईंनी नियम सांगितले. “खालच्या हॉलमध्ये नाश्त्याला जायचं नाही, तिथे कुणीही येऊन बसतं. खोलीत काही मागवायचं नाही, कारण मागवलं की दार उघडावं लागतं. दुपारचं आणि रात्रीचं मी स्वतः आणीन. आधी फोन करीन, मग दार वाजवीन. फोन आला नाही, तर बाहेर कुणीही असो, दार उघडायचं नाही.”

“आणि सकाळचा चहा?” सासूबाईंनी विचारलं.

“सकाळचं मी बघते, आई,” ती म्हणाली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून मागची गल्ली दिसायची, तिथे धोब्याची गाडी चादरींची गाठोडी उतरवायची. टेबलाखाली छोटा फ्रिज होता, तो मधूनच हुडहुडी भरल्यासारखा थरथरायचा. चहाची किटली होती, पण तिची खालची बैठकच गायब. बैठक मागायला खाली फोन करायचा म्हणजे कुणीतरी ती घेऊन वर येणार. ते नकोच.

तिने बाथरूममधले दोन ग्लास घासून घेतले. प्रत्येकात येताना बरोबर आणलेल्या सामानातले चार चमचे ओट्स, वर बुडेपर्यंत दूध, थोडे बेदाणे, थोडा मध. बशी झाकून ग्लास फ्रिजमध्ये ठेवले. पाण्याच्या बाटलीत दोन टी-बॅग सोडून तीही आत ठेवली.

सकाळी सासूबाईंनी ग्लासात चमचा उभा केला. तो उभाच राहिला.

“हे खायचं की भिंतीला कागद चिकटवायचे?”

“खाऊन तर बघा.”

“आणि हा चहा? थंड झालेला चहा मी कुंडीत ओतते. हा तर थंडच जन्माला आलाय.”

पण त्यांनी ग्लास चाटूनपुसून संपवला. तिने मात्र दोनच घास खाल्ले. तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. समोरच्या वकिलाने मुदत मागितली होती, साक्ष परवावर गेली होती.

“दोन दिवस अजून?” तिने विचारलं.

“त्यांना तेच हवंय. तुम्ही घाबरावं, कंटाळावं, निघून जावं.”

ती कंटाळली नव्हती, पण घाबरली मात्र होती. वर वारा सुटला की केबिन झुलायची, खालचे लोक मुंग्यांएवढे दिसायचे, तरी तिला कधी भीती वाटली नव्हती. इथे पायांखाली पक्की फरशी होती, आणि बाहेर नुसती पावलं वाजली तरी ती हातातलं तसंच ठेवून दाराकडे बघायची. दिवसभर ती पावलंच ऐकत राहिली. सफाईवालीच्या चपला फटफटायच्या. सामानाच्या गाडीचं एक चाक चिरकायचं. आणि तिसरी पावलं होती सावकाश, जड बुटांची. ती त्यांच्या दारापर्यंत आली, थांबली, आणि मग तशीच सावकाश परत गेली. दाराच्या भिंगातून तिने पाहिलं, तर समोरची रिकामी भिंत दिसली.

दुसऱ्या सकाळी ब्रेडला शेंगदाण्याचं लोणी लावलं. खोलीत सुरी नव्हती, म्हणून केळ्याच्या चकत्या चमच्याच्या दांड्याने कापल्या. सासूबाई पलंगावर मांडी घालून खात होत्या आणि दाराकडे बघत होत्या. त्यांनी खुर्ची सरकवून दाराच्या मुठीखाली अडकवली होती. लाडू वळताना असायचा तेवढाच शांत त्यांचा चेहरा होता, पण अर्धा ब्रेड त्यांनी परत बशीत ठेवला.

“तुला एक विचारू?” त्या म्हणाल्या. “तू तेव्हा मान फिरवली असतीस तर?”

“फिरवली होती, आई. तो पडला तेव्हा मी मान फिरवलीच होती. मग वाटलं, माझ्याशिवाय दुसरं कुणी बघतच नाहीये.”

सासूबाईंनी बशीतला अर्धा ब्रेड उचलून संपवला. रात्रीच्या जेवणानंतर त्या म्हणाल्या, “उद्याचं मी करते. तुझं डोकं साक्षीत असू दे.” त्यांनी खजुराच्या बिया काढून तुकडे दुधात भिजत घातले, आणि दह्याच्या डब्यात काकडी हाताने मोडून टाकली.

तिसऱ्या दिवशी अकराला साक्ष होती. वकीलबाई दहाला गाडी घेऊन येणार होत्या. पावणेआठला दार वाजलं.

फोन आला नव्हता.

“नाश्ता!” बाहेरून पुरुषाचा आवाज आला. “हॉटेलतर्फे आहे, मॅडम. गरम चहाही आहे.”

ती बाथरूमच्या दारात होती, तोंडात ब्रश. सासूबाई दाराजवळ उभ्या होत्या. खुर्ची त्यांनी पहाटे बाथरूमला जाताना वाटेतून बाजूला केली होती, ती तशीच राहिली होती. तीन दिवस गरम घोट न मिळालेल्या त्या बाईचा हात ‘चहा’ शब्द ऐकताच सवयीने कडीकडे गेला.

ओरडलं तर आत माणसं आहेत हे कळणार. तिने हात आडवा ताणला, तळवा खाली, साइटवर क्रेन थांबवायला करतात तसा. सासूबाईंना ती खूण कुणी कधी शिकवली नव्हती. पण सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्या होत्या तिथेच गोठल्या.



“उघडा ना, क्रेनताई,” आवाज म्हणाला.

ते नाव हॉटेलात कुणालाच ठाऊक नव्हतं. खोली वकीलबाईंच्या नावावर होती. ब्रश तिच्या तोंडातून सुटून फरशीवर पडला. तेवढा आवाज बाहेर पोचला असणारच.

“बरं, नका उघडू. ऐका तरी. तुमचे मिस्टर आज डेपोत माल उतरवतायत ना? हिरवा ट्रक. नंबर सांगू?” आणि त्याने शेवटचे चार आकडे एकेक करून सांगितले, दुकानात फोन नंबर सांगावा तसे. “लांबचा रस्ता आहे. घाट आहेत. तुम्ही कोर्टात काय बोलता, त्यावर आहे सगळं. नाश्ता इथे ठेवतो. गार होईल.”

ताटाचा आवाज झाला. सावकाश, जड बूट दूर गेले.

सासूबाई दाराला पाठ लावून खाली बसल्या. ज्याच्या ट्रकचा नंबर त्या माणसाने सांगितला, तो त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. वकीलबाईंना लावला, त्या गाडी चालवत असाव्यात, उत्तर नाही. पोलीस चौकीचा नंबर लागला, तिथल्या हवालदाराने नाव-पत्ता लिहून घेतला आणि “माणूस पाठवतो” म्हणाला. कधी, ते सांगितलं नाही.

“घरी जाऊ,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “अगं, तो वेल्डर तर गेला. गेलेला परत येत नाही. माझं लेकरू अजून रस्त्यावर आहे.”

तिलाही अगदी तेच वाटत होतं. तिने पिशवीत कपडे भरायला सुरुवात केली. टॉवेल, साबण, उरलेला ब्रेड. भरता भरता ती पलंगावर बसली, आणि दोघीही आपापल्या जागी फोनकडे बघत बसल्या. नवऱ्याने फोन घेतला नाही अशी ती चाळीस मिनिटं होती. त्या वेळात तिने मनात त्याचा ट्रक किती घाटांतून खाली ढकलला, त्याची मोजदाद नाही.

साडेआठला फोन वाजला.

“काय गं, नऊ मिस्ड कॉल? ट्रकच्या खाली शिरलो होतो, फोन वर केबिनमध्ये.”

सासूबाईंनी उठून तिच्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगितलं, नंबरासकट.

“आई,” तो म्हणाला, “मी इथे वीस ड्रायव्हरांच्यात उभा आहे. सगळ्यांना सांगतो. आज ट्रक हलवत नाही. पोलिसांतही कळवतो. पण ऐक. मीसुद्धा रोज उंचावर चढून ताडपत्री बांधतो. मी पडलो आणि कुणी माझ्या अंगात नंतर बेल्ट घातला, तर बघणाऱ्याने गप्प बसावं असं तुला चालेल?”

“तोंडाला येईल ते बोलू नकोस, मेल्या!” सासूबाई ओरडल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडल्या. रडत रडत त्यांनी फोन ठेवला, नाक पुसलं, आणि फ्रिज उघडला. “पिशवीतलं बाहेर काढ. खा आधी. रिकाम्या पोटी तुला तिथे चक्कर आली, तर त्यांचंच फावेल.”

दूध पिऊन खजूर फुगले होते. तिने एक चमचा तोंडात घातला आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. सासूबाई समोर बसून चमच्यांकडे बघत होत्या. दह्यातली काकडीही त्यांनी तिला संपवायला लावली.

साडेनऊला फोन आला, मग दार वाजलं. वकीलबाईंबरोबर दोन पोलीस होते. दारातलं ताट पोलिसांनी उचलून नेलं. त्यात चहा, टोस्ट आणि कापलेली फळं होती, दुसरं काहीच निघालं नाही. कॅमेऱ्यात पांढरा एप्रन आणि टोपी दिसली, चेहरा नाही. तो माणूस कधीच सापडला नाही.

कोर्टात पिंजऱ्यात उभी राहून तिने कठडा धरला. मुकादम समोर बसला होता, त्याने एकदाही वर पाहिलं नाही. तिने सगळं सांगितलं: आधी डावा पाय, मग उजवा, मग बक्कल.

समोरचा वकील हसला. “एवढ्या उंचीवरून तुम्हाला बक्कल दिसलं?”

“साहेब, त्याच उंचीवरून मी मुठीएवढ्या कडीत हूक नेते,” ती म्हणाली. “मला दिसलं नसतं, तर अकरा वर्षांत मी कितीतरी माणसं मारली असती.”

निकाल नऊ महिन्यांनी लागला. मुकादम आणि इंजिनिअर तुरुंगात गेले. ज्याच्या हुकमावरून बेल्ट कुलपात ठेवले होते, तो कंपनीचा मालक मात्र पुराव्याअभावी सुटला. नवऱ्याने लांबच्या फेऱ्या सोडल्या. ती दुसऱ्या साइटवर पुन्हा क्रेनवर चढली, पण पहिले काही आठवडे शिडीवर अर्ध्यात थांबून खाली कोण उभं आहे ते बघायची. धमकीचं पुढे काही झालं नाही. पण ते ‘झालं नाही’ म्हणायलाही तिला वर्ष लागलं.

त्या दिवशी साक्ष संपवून ती बाहेर आली होती, तेव्हा कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यात वेल्डरची बायको बाकावर बसली होती. दोघी त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. तिने उठून क्रेनताईचं कोपर धरलं. आभार वगैरे काही मानले नाहीत.

“तुम्ही वर होतात,” ती म्हणाली. “ते दोघं बेल्ट घालत होते तेव्हा... त्याला कळत होतं का?”

सगळ्या साक्षीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. क्रेनताई त्यालाच सगळ्यात जास्त घाबरत होती.

“नाही,” ती म्हणाली. “मी शेवटपर्यंत बघत होते. तो हलला नाही. एकदाही नाही.”

ते खरं होतं. त्या बाईने मान डोलावली, आणि कोपर मात्र बराच वेळ सोडलं नाही. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दोघींना बाकावर बसवलं.