माळेला झालेली कावीळ

चानपेंगचा नवरा इन्सोन जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आता तिला सेनखामशी लग्न करायचं होतं. उत्तर थायलंडातल्या लांपांगमध्ये कुणी नाक मुरडावं असं त्यात काही नव्हतं. सेनखाम विधुर, टांगा हाकणारा, दारू बेताची, घोडीवर जीव. चानपेंगचं मनही ठरलेलं होतं. फक्त इन्सोनला एकदा विचारायचं राहिलं होतं. तो नाही म्हणाला असता तरी ती जाणारच होती, पण मग मान खाली घालून जावं लागलं असतं, आणि तिला मान वर ठेवून जायचं होतं.

मेलेल्या माणसाला विचारायची सोय गावात होतीच. उन्हाळ्यात पितरांचा नाच असतो. मांडव घालतात, उकडलेल्या कोंबड्या आणि तांदळाची दारू मांडतात, आणि ऊबोन मावशीच्या अंगात येतं. एरवी ही मावशी बाजारात डुकराचं तळलेलं कातडं विकते आणि मापात मारते. अंगात आलं की डोक्याला पंचा गुंडाळते आणि पुरुषी आवाजात चिरूट मागते.

नवऱ्यासमोर जायचं म्हणून चानपेंगने लग्नातली माळ घातली. इन्सोन चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्टीवर कामाला होता. त्याने ती स्वतः केली होती. चिनी मातीचे पांढरे मणी, त्यांच्या झिलईत मुद्दाम पाडलेल्या केसाएवढ्या बारीक भेगा, मधे पदक, पदकावर कोंबडा. लांपांगच्या भट्टीतून कोंबडा नसलेली वस्तू सहसा बाहेर पडत नाही. तो गेल्यापासून चानपेंग दर सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाला, बुद्धमूर्तीला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घालतात तेच शिकेकाई-हळदीचं पाणी माळेवरही घाली, हात जोडून चुकलंमाकलं माफ करा म्हणे आणि माळ रात्रभर त्याच पाण्यात ठेवी. जितकं भिजेल तितकं पुण्य, असा तिचा साधा हिशोब होता.

मांडवात आधी नेहमीचा सरदार आला. हा कुठल्याशा जुन्या लढाईत हत्तीवरून पडून मेलेला. तो तलवार घेऊन नाचला, दोन पेले प्यायला. मग ऊबोन मावशी एकदम थबकली, तलवार टाकली आणि पाठीत जराशी वाकली.

"चिरूट."

"दादाच गं बाई!" इन्सोनची बहीण बुनमी ओरडली. "पाठ बघ ना, भट्टीत डोकावून डोकावून वाकलेली!"

चानपेंग पुढे सरकली.  "अहो, एक विचारायचं होतं."

मावशीने चिरूट पेटवला, डोळे बारीक करून तिच्या गळ्याकडे पाहिलं. "कोंबड्याला कावीळ झालीय."

"अहो, तो सेनखाम मला..."

"कशाने धुतलीस?"

"सोंगक्रानच्या पाण्याने."

"हळद?"

"थोडी."

"भिजत घातलीस?"

"रात्रभर. तुमच्या नावाने."

इन्सोनने, म्हणजे मावशीने, कपाळावर हात मारला. "अगं, ती माळ आहे, विहारातले मोठे भन्ते नाहीत! झिलईला भेगा आहेत. हळद आत मुरली. आता काय, माझ्या बापालाही निघायची नाही! कोमट पाणी, चार थेंब साबण, जुन्या लुंगीचं मऊ फडकं. पुसायचं, सावलीत ठेवायचं, झालं. आणि दोरा भिजवायचा नाही, दोरा! किती वेळा सांगितलंय?"

जन्मभर सांगितलं होतं. चानपेंगला ते ऐकून तेव्हाही वीट आला होता.

पण मांडवातल्या बायका एकदम सावरून बसल्या. असा जाणता पितर पुन्हा कधी यायचा? बुनमीने कानातलं काढलं. "दादा, ह्याच्यावरचं सोनेरी उडालं रे."

"दात घासायच्या पेस्टने घासलंस?"

"हो."

"घास अजून. कानपण घास."

मग रांगच लागली. कुणाची अंगठी फरशीवर पडून टवका उडालेली, कुणाच्या बांगड्या एका डब्यात खडखडून चरे पडलेल्या. इन्सोन एकेकीला फैलावर घेत होता. अत्तर लावून झाल्यावर घाला, प्रत्येक दागिना वेगळ्या कापडात गुंडाळा. मधेच मावशीचा उजवा हात तलवारीकडे जाऊ लागला आणि डावा त्याला खाली दाबू लागला. सरदाराला परत यायचं होतं.

"थांबा हो सरदार, माणसं शंका विचारताहेत," मावशी इन्सोनच्या आवाजात म्हणाली. आणि लगेच त्याच तोंडाने, घोगऱ्या आवाजात, अदबीने विचारलं, "आमच्या तलवारीच्या मुठीवर चिनी मातीचे मणी आहेत. रक्ताचे डाग कशाने जातात?"

"गार पाण्याने. आणि वेळच्या वेळी."

"उशीर झाला म्हणायचा," सरदार म्हणाला आणि खट्टू होऊन निघून गेला.

चानपेंगचा तोल सुटला. "पुरे!" ती ओरडली. "जिवंतपणी भट्टी, भट्टी आणि भट्टी. मेल्यावर माळ! सगळ्या गावाला उत्तरं देताय. मी काय विचारायला आलेय ते कधी ऐकणार? मी दुसरं लग्न करतेय, अहो! जाऊ की नको?"

 मावशीच्या बोटांतला चिरूट विझला.

"टांगेवाला कुठंय?"

सेनखाम मागच्या खांबाआडून पुढे आला. घोडीसमोर वाघ असलेला हा माणूस आता टोपी कुस्करत उभा होता.

"माळ धू."

कोमट पाणी आलं, फडकं आलं. सेनखाम मांडी घालून बसला. त्याने एकेक मणी बोटांत धरून पुसला, घोडीच्या कानात हात घालताना ती बिचकू नये म्हणून कान हलकेच धरायचा तसा. मण्यांमधल्या फटीही पुसल्या. कोंबडा पिवळा तो पिवळाच राहिला, पण चकचकीत झाला.

"वरून जरा तेल लावू का?" त्याने विचारलं. "लगामाला लावतो."

"तेल?" मावशी ताडकन उठली. "तेल?"

"नाही लावत! नाही लावत!"

मावशी पुन्हा बसली. सेनखामने माळ दोन्ही हातांवर धरून पुढे केली. तिने ती घेतली नाही, फक्त दोऱ्याला गाठीपाशी बोट लावलं.

"ओला आहे."

"दोन थेंब उडाले असतील, दादा. मणी एकदम कोरडे आहेत."

"मण्यांना काय धाड भरलीय? ते भट्टीतून निघालेत." इन्सोनचा आवाज खाली आला. "ओला दोरा तिला चालत नाही. मानेवर पुरळ उठतं, मग रात्रभर खाजवत बसते आणि सांगत नाही कुणाला. आधी दोरा वाळव, मग घाल तिला. नीट ऐक, रोज बघावं लागेल."

"बघेन," सेनखाम म्हणाला.

"मग घेऊन जा."

मावशी मागे कलंडली आणि जांभई देत उठली ती डुकराच्या कातड्याचा भाव सांगत.

चानपेंगचा हात आपोआप मानेमागे गेला. दर धुण्यानंतर इन्सोन माळेचा दोरा भट्टीच्या उबेला धरून बसायचा. माळेपायी वेडा झालाय, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. आता तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

शेजारी सेनखाम गाल फुगवून दोऱ्यावर फुंकर घालत होता. ती मान वर करून थांबली.