रिकाम्या मोसमातली खोली

धाकटीने फोन पुढे केला आणि सासूबाई उद्गारल्या, "अगं बाई, ही तर पाण्यातच बसल्यासारखी दिसतेय!"

थोरलीने मान तिरकी करून पाहिलं. फोटोत धाकटी जाऊ गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मागे अख्खं तळं पसरलेलं, पलीकडे डोंगर. हॉटेल तेच. ते हॉटेल तिला सुचवलं होतं थोरलीनेच! गेल्या वर्षी ऐन सुट्टीत थोरली आणि तिचा नवरा तिथे चार दिवस राहिले होते. त्यांच्या खोलीची खिडकी उघडली की समोर स्वयंपाकघराचं धुराडं यायचं. तळं बघायचं तर खाली उतरून, रांगेतून वाट काढत काठापर्यंत जावं लागायचं.

"आणि निम्म्याहून कमी भाड्यात," धाकटा दीर कौतुकाने म्हणाला. "ही म्हणाली, गर्दी सरल्यावर जाऊ, तेही सोमवारी. शहर कसं मोकळं! संग्रहालयात आम्ही दोघंच. बोटवाल्याने एका फेरीच्या पैशात दोन फेऱ्या मारल्या."

"हुशार आहे हो माझी धाकटी," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसतंय का, म्हणून विचारायची. पण त्या फोटोने तिच्याच डोळ्यांवर अशी काही झापड आणली की पुढचे कितीतरी दिवस तिला दुसरं काही दिसेना. भांडी लावताना गॅलरी, गिऱ्हाइकाचा नंबर लिहिताना वेताची खुर्ची. आपण धुराड्याकडे बघत पूर्ण भाडं मोजलं आणि ही पाय वर घेऊन बसते!

वर्ष उलटलं. गर्दीचा मोसम सरल्यावर एका दुपारी, दुकानात कुणी नसताना थोरलीने त्या हॉटेलात फोन लावला. खोलीचं विचारायचं होतं, एवढंच. पण मालकीणबाईंचा आवाज ऐकला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ओळखलंत का? गेल्या वर्षी याच दिवसांत आले होते मी. गॅलरीवाल्या खोलीत."

"अहो, तुम्हाला विसरेन का?" पलीकडून एकदम माया उतू गेली. "कधी येताय? तीच खोली, तेच भाडं. आई तर रोज तुमचं नाव काढते."

"सोमवारी," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. खोटं बोललो खरं. पण खोली तर मिळाली!

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की स्वस्तात जमलंय, दुकान बंद ठेवा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. भिंगातून बारीक चाकं बघण्यात त्याचा जन्म गेला होता, पण बायकोच्या मनात काय फिरतंय हे बघायच्या भानगडीत तो पडत नसे. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि बॅग उचलली.

शहर खरोखर मोकळं होतं. निम्म्या दुकानांची दारं ओढलेली, रस्त्यावर एक माणूस खुर्च्यांना रंग देत बसलेला. हॉटेलच्या दारात मालकीणबाई उभ्याच होत्या. त्यांनी रिक्षाकडे हसून पाहिलं, मग थोरलीकडे, मग थोरलीच्या मागे आणखी कुणी उतरतंय का तिकडे.

"त्या नाही आल्या?"

"मी तिची थोरली जाऊ," थोरली म्हणाली. "फोन मीच केला होता. म्हणजे... तिच्या वतीने."

नवऱ्याने बॅग खाली ठेवली आणि बायकोकडे पाहिलं. थोरलीला वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं.

पण मालकीणबाईंचा चेहरा पुन्हा उजळला. "म्हणजे त्या थोरल्या जाऊबाई तुम्हीच! मग काय, घरच्याच की. आईला भेटा हं नक्की. खालच्या खोलीतच असते."

खोली फोटोत होती तशीच होती. वेताची खुर्चीसुद्धा. थोरली तिच्यात पाय वर घेऊन बसली. नवरा आतून म्हणाला, "दुसऱ्याचं नाव सांगून खोली घ्यायची वेळ आली आपल्यावर?"

"मी नाव सांगितलंच नाही. त्यांनीच ओळखलं."

"बरं," तो म्हणाला, आणि त्या 'बरं'मुळे खुर्ची टोचायला लागली.

मालकीणबाईंच्या आईला भेटायचं टाळायला तिने नवऱ्याला घेऊन बोटीचा धक्का गाठला. बोटवाला एकटाच दोरी गुंडाळत बसला होता. थोरलीने त्याच्याशी इतकी घासाघीस केली की तो बिचारा घायकुतीला आला आणि एका फेरीच्या पैशात तीन फेऱ्यांना कबूल झाला. दुसऱ्या फेरीलाच वारा सुटला. नवऱ्याने कानाला रुमाल बांधला.

"अगं, तळं तेच, डोंगर तोच. तिसऱ्यांदा काय बघायचंय?"

"ठरलंय ना तीनचं!"

"कुणाशी?" त्याने विचारलं. तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या फेरीला तिला मळमळायला लागलं, पण परत फिरू असं काही ती म्हणाली नाही.

सकाळी मात्र सुटका नव्हती. मालकीणबाई स्वतः बोलवायला आल्या. खालच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची म्हातारी आई बसली होती. अंगात बटणांचा स्वेटर. थोरली समोर बसली तशी म्हातारीने उजवा हात पुढे केला आणि बोटं एकेक करून उघडली, मिटली.

"बघितलंस? मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढलं तर मूठच उघडेना. तुझी जाऊ राहायला आली आणि सहाही दिवस सकाळी इथे बसली. ओला टॉवेल पिळायला लावायची. मी रडायचे, ती गोष्टी सांगायची. आता बटणं माझी मी लावते."

धाकटी इस्पितळात हेच काम करायची, लोकांचे आखडलेले हातपाय मोकळे करायचं. पण सुट्टीतही करते, हे घरी बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. दिरानेही कधी सांगितलं नव्हतं. भाडं निम्म्याहून खाली का उतरलं ते थोरलीला आत्ता कळलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही तिच्या पोटात दुखलंच. म्हणजे इथेही हिचीच वाहवा!

"गोष्टी कसल्या सांगायची?" तिने विचारलं.

"तुझ्याच," म्हातारी म्हणाली. "तुझा फार हेवा वाटतो तिला."

"माझा?"

"म्हणायची, मी गुडघ्यांचंच शिकलेय, पण सासूबाईंचा गुडघा दुखला की त्या म्हणतात, थोरलीला विचारा. थोरलीने तेल लाव म्हटलं की तेल. मी व्यायाम सांगितला तर म्हणतात, बघू. त्या घरात मी बारा वर्षं पाहुणीच आहे. सांगताना तिचे डोळे भरायचे."

थोरलीला आधी गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं जिच्यावर जळलो ती आपल्यावर जळते! ही बातमी घेऊन गावभर फिरावं असं वाटलं. पण मग तिला तो तेलाचा दिवस आठवला. सासूबाई लंगडत होत्या, धाकटी समजावून सांगत होती, आणि आपण मध्येच म्हणालो होतो, 'व्यायाम कसला, तेल लावा.' तेल लावून गुडघा तसाच राहिला होता. आपण ते का म्हणालो होतो, तेही तिला चांगलं ठाऊक होतं.

ती बाहेर आली आणि मालकीणबाईंना म्हणाली, "फोनवर मी खोटं बोलले. पाटीवर लिहिलंय ते भाडं घ्या आमच्याकडून."

मालकीणबाईंनी भिंतीवरच्या दरांच्या पाटीकडे पाहिलं. "पाटीवरचं घेते," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या मोसमातलं."

मग थोरलीने धाकटीला फोन लावला.

"तुझी म्हातारी विचारतेय, कधी येतेस म्हणून."

"ताई! तुम्ही तिथे आहात?"

"तुझ्या खोलीत. मला तू समजून दिली त्यांनी. मीही समजू दिलं." ती एका दमात पुढे म्हणाली, "आणि तुला माझा हेवा वाटतो म्हणे."

"त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही," धाकटी पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "वाटतो थोडा."

"थोडाच?" थोरलीचा हिरमोड झाला. "मला तुझा पुष्कळ वाटतो."

धाकटी हसली की रडली, ते फोनवर नीट कळलं नाही.

थोरली फोन घेऊन पुन्हा खालच्या खोलीत गेली आणि तो म्हातारीच्या कानाला लावला. आवाज ऐकताच म्हातारीचा चेहरा असा खुलला, जसा सकाळभर थोरलीसमोर एकदाही खुलला नव्हता. ते बघून थोरलीला पुन्हा कळ आलीच. दोघींचं बोलणं लांबत चाललं. थोरलीचा हात अवघडला. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तशीच धरून उभी राहिली.