चोवीस मीटरचं कुंपण

गणिताच्या बाई तीन वर्षं तात्पुरत्या होत्या. यंदा हेडसरांनी शेरा चांगला दिला तरच त्या कायम होणार होत्या, आणि त्या शेऱ्यापायी त्या सरांच्या शिळ्या विनोदांवरही पोट धरून हसत.

शाळेमागच्या टोमॅटोच्या वाफ्याला शेजारच्या शेळ्या सोकावल्या होत्या, म्हणून जाळीचं कुंपण घालायचं ठरलं. बाईंनी वाफा आलेख कागदावर काढला; एक घर म्हणजे एक मीटर. वाफा शाळेच्या इमारतीला तिरका, त्यामुळे कागदावरचा आयतही तिरकाच आला. लांब बाजू आठ घरं आडवी जाताना सहा घरं वर चढत होती. आठाचा वर्ग, सहाचा वर्ग, बेरीज शंभर, वर्गमूळ दहा. आखूड बाजू तीन घरं आडवी, चार उभी, म्हणजे पाच. परिमिती तीस मीटर.

हेडसर मूळचे इतिहासाचे. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने घरं मोजली.

"ही बाजू आठ, ही चार. दुप्पट केली की चोवीस. तुम्ही तीस कुठून आणलेत?"

"सर, बाजू तिरकी आहे, त्यामुळे अंतर..."

"अहो बाई, घरं समोर दिसतायत. मोजायला वर्गमूळ कशाला हवं?"

बाईंना शेरा आठवला आणि त्यांनी तीस खोडून चोवीस लिहिलं. जाळी चोवीस मीटर आली.

शिपाईमामांनी ती लावायला घेतली, तर तिसरी बाजूही पुरी झाली नाही. चौथी सताड उघडी.

"आता काय करायचं, बाई? मोठे सर दुपारी बघायला येणार."

जाळी कमी पडली म्हणजे सर चुकले, आणि ते सरांना कळणं बाईंना परवडणारं नव्हतं. त्यांनी खुंट उपटायला लावले आणि आठ बाय चारचा नवा आयत रोवून घेतला. जाळीचं टोकाला टोक जुळलं. एक तृतीयांश टोमॅटो बाहेर राहिले, ते शेळ्यांच्या नशिबी.

दुपारी हेडसरांनी कुंपणाला फेरी मारली. टोमॅटोकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बघा, पुरली की नाही? मग चूक कोणाची?"

"माझीच, सर," बाई हसून म्हणाल्या.

आठवड्याने शेरा हातात पडला. 'स्वभाव नम्र, वर्तन उत्तम. मात्र गणित कच्चे. साध्या आयताच्या परिमितीत सहा मीटरची चूक. ती त्यांनी स्वतः मान्य केली आहे. कायम करू नये.'

बाईंना संतापाने रडू फुटलं. भांडायला जावं, तर पुरावा शाळेमागे उभा होता, आणि तोही त्यांनीच रोवून घेतलेला.