शुक्रवारचा वाढदिवस

उज्ज्वल मेश्राम रशियन झकास बोलायचा. चंद्रपूरचा पोरगा, स्कॉलरशिपवर खार्किवला इंजिनिअर व्हायला गेला, इंजिनिअर तर झालाच, वर तिथल्याच टर्बाइनच्या कारखान्यात चिकटला आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या वेराशी लग्न करून बसला. मुलगी झाली, तिचं नाव मैत्री. सगळं छान चाललं होतं. मग अख्खा सोव्हिएत देशच मोडला, कारखाना आचके देऊ लागला, आणि पंच्याण्णवच्या सप्टेंबरात हे तिघं बहरीनला येऊन पडले.

तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची नोकरी, सनद भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, मैत्रीला इंग्लिश शाळा. आणखी काय पाहिजे माणसाला? हा प्रश्न त्याने वेरालाही विचारला होता. ती काही बोलली नाही. गड्याला वाटलं, बोलली नाही म्हणजे काही नको असेल.

कसलं काय! खार्किवला ज्या बाईच्या आजूबाजूला दिवसभर पंधरा माणसं बडबडत होती, ती इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, तर खिडकीशी बसून समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बघायची. डिसेंबरपर्यंत तिचं बोलणं कामापुरतं उरलं. मीठ संपलंय. मैत्रीला खोकला झालाय. जानेवारीत ती म्हणाली, "मे महिन्यात मला आईकडे जायचंय. मैत्रीला घेऊन." ट्रॅव्हल एजंटने परतीची तारीख विचारली तेव्हा उज्ज्वलच्या आधी तीच म्हणाली, "ओपन ठेवा."

पंधरा मेचं तिकीट निघालं, परतीची तारीख कोरी. उज्ज्वलला परत कधी येणार, एवढं विचारायचं होतं. पण विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्याला भीती वाटायची.

त्याच्या मंडळींनी काही कसूर केली नव्हती. खंडूभाऊ वासनिक हा तिथल्या आपल्या लोकांचा पुढारी. त्याची बायको पुष्पलता दर कार्यक्रमाला वेराला हाताला धरून न्यायची. "घ्या ना वहिनी, लाजता काहून?" म्हणत ताटात तिसरी पुरी वाढायची. वेरा हसायची, खायची, आणि परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून राहायची. बिचारीला एक अक्षर कळत नव्हतं.

मग उज्ज्वलने ठरवलं, इथे रशियन बोलणारी माणसं शोधायचीच. वर्कशॉपमधल्या अलीमियाँ मेकॅनिकला विचारलं, इथे रशियन बायका कुठे भेटतील? अलीमियाँनी इकडेतिकडे बघितलं नि डोळा मारला. "साब, मनामा के होटल में. लेकिन महँगा पड़ेगा." उज्ज्वल तापलाच. "अरे बाबा, मेरी बीवी के लिए चाहिए!" त्यावर अलीमियाँचा चेहरा असा झाला की पुढे आठवडाभर त्यांनी सुपरवायझरच्या नजरेला नजर दिली नाही.

शोध लागला तो भाजीबाजारात. मार्च संपत आला होता आणि जिदहफ्सच्या बाजारात शेपू फुलावर आला होता. आपल्याकडे असा जून शेपू कोणी हातात धरत नाही. पण काकड्या बरणीत खारवायला वेराला नेमके ते फुलांचे तुरेच लागतात, हे उज्ज्वलला ठाऊक होतं. तेवढंच तिला बरं वाटेल म्हणून तो राजनच्या गाळ्यावर गेला. राजन केरळचा. म्हणाला, "नहीं मिलेगा. ये कचरा सब गुरुवार को वो रूसी मैडम ले जाता है. बुरखेवाला."

"कौन मैडम?"

"डॉक्टर साब का वाइफ. इधर पीछे रहता है."

काखेत कळसा नि गावाला वळसा! गुरुवारी उज्ज्वल अर्धा दिवस दांडी मारून गाळ्यापाशी उभा राहिला. काळ्या अबायातली एक ठेंगणी, पन्नाशीची बाई आली आणि शेपूचे तुरे नाकाला लावून बघू लागली. हा पुढे होऊन स्वच्छ रशियनमध्ये म्हणाला, "नमस्कार. काकड्यांसाठी का?"

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बायको आमच्यातली आहे, की आई?"

"बायको. खार्किवची."

"आणि तू आत्ता सांगतोयस? उद्या घेऊन ये तिला. चार वाजता."

तिचं नाव तमारा. नवरा बहरीनचाच, मॉस्कोला डॉक्टरकी शिकलेला. असे आणखीही काही होते. तिकडे शिकायला गेले आणि पदवीबरोबर बायको घेऊन आले. अशा सात जणी दर शुक्रवारी तमाराकडे जमायच्या. कोणी रशियाची, कोणी युक्रेनची, एक ताश्कंदची, एक आर्मेनियाची. भाषा सगळ्यांची एक. पुरुषांना मज्जाव. उज्ज्वल वेराला दारात सोडायचा आणि आठला आणायला जायचा.

पहिल्या शुक्रवारी परत येताना वेराचा घसा बसला होता, इतकी ती बोलली होती. दुसऱ्या शुक्रवारी गाडीत ती हसली, कशावर ते सांगितलं नाही. घरात बरण्या भरू लागल्या, फोन खणखणू लागला. उज्ज्वलच्या मनात आलं, जिंकलो. तिकीट तेवढं तसंच होतं कपाटात. पण आता ती परत येईल, येणारच, असं त्याने स्वतःला पटवून टाकलं.

एप्रिलमध्ये जयंती झाली. चौदा तारीख रविवारी येत होती, म्हणून खंडूभाऊच्या मंडळाने ती बारालाच, शुक्रवारी केली. त्यात नवल काही नाही. आखातात वाढदिवस असो, बारसं असो की साखरपुडा, सगळं शुक्रवारीच होतं; माणसाला एकच तर सुट्टी. त्यावरूनच उज्ज्वलच्या डोक्यात आलं. वेराचा वाढदिवस चौदा मेला, मंगळवारी. पंधराला विमान. म्हणजे दहा तारखेचा शुक्रवार पकडायचा, तिच्या सगळ्या मैत्रिणींना बोलवायचं आणि असा बार उडवायचा की खार्किवला गेली तरी जीव इथेच राहिला पाहिजे.

आता, वाढदिवस दिवसाच्या आधी करायचा नसतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तिकडे ते अगदी कडक पाळतात. आधी शुभेच्छा दिल्या तर माणूस तो दिवस बघत नाही म्हणे. पण उज्ज्वल पडला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम दोन पावलं पुढे टाकणारा माणूस. शुभ-अशुभावरून त्याने लग्नानंतर वेराची कितीदा तरी थट्टा केली होती. त्याने तमाराला फोनवर नुसतं सांगितलं, वेरा निघतेय, चहाला या.

दहा तारखेला सातही जणी आल्या. वेराला त्याने आतल्या खोलीत थांबवून ठेवलं होतं; तिने दार उघडलं तर समोर पताका, फुगे आणि केकवर इंग्रजीत हॅपी बर्थडे. मैत्रीने टाळ्या वाजवल्या, "सरप्राइज, मम्मा!"

कोणी हसलं नाही. आर्मेनियाच्या बाईने तर तोंडावर हात घेतला. सगळ्या बसल्या, चहा घेतला, हवापाण्याबद्दल बोलल्या. केककडे बघायलाही कोणी तयार नाही. एक म्हणून शुभेच्छा नाही. उज्ज्वल हातात सुरी घेऊन मूर्खासारखा उभा. वेरा मान खाली घालून बशी पुसत होती.

शेवटी तमारालाच त्याची कीव आली. "जाऊ दे. पुरुष आहे, करायचा तो घोळ केलाच," ती म्हणाली, तशा दोघीतिघी हसल्या. "आम्ही तरी शहाण्या आहोत, वेरा. सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी शाल विणलीय. माझ्या कपाटात आहे. तुझा दिवस होऊन जाऊ दे. परत आलीस की पहिल्या शुक्रवारी तुझ्या खांद्यावर घालू."

वेराने बशी खाली ठेवली.

"ती मला आजच दे, तमारा."

"आज? दिवसाच्या आधी?"

"आधी दे."

खार्किवला कारखान्यातल्या मुलींनी एकदा हिच्यासाठी दोन दिवस आधी फुलं आणली होती, तेव्हा याच वेराने ती दारातूनच परत पाठवली होती. आज ती स्वतः हात पसरून मागत होती. नंतर घ्यायला ती इथे नसणार, यापेक्षा दुसरा अर्थ लागत नव्हता. सातही जणींना तो कळला. उज्ज्वललाही कळला. आयुष्यभर शकुन-अपशकुनाला हसलेल्या त्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं घेऊ नकोस, अशुभ असतं ते!

तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि जानेवारीपासून गिळलेलं एकदाचं विचारलं. "परत कधी येणार?"

"नाही येणार."

"आणि मैत्री?"

"माझ्याबरोबर. सुट्टीत येत जाईल तुझ्याकडे."

"तिथे पगार नाही, हिवाळ्यात घरं गरम होत नाहीत, तुझी आईच लिहिते. आणि इथे आता तुला माणसं आहेत ना! मी शोधली ना!"

"शोधलीस," वेरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "फार चांगली आहेत. पण तमारा बावीस वर्षं इथे आहे, उज्ज्वल. आई गेली तर मातीलाही पोचली नाही. दर शुक्रवारी तीच तीच गाणी म्हणते आणि दर वेळी तशीच रडते. मी तिच्यासमोर बसले की मला मी दिसते. तिला बघितलं नसतं, तर कदाचित राहिलेही असते."

त्याला रडू आलं आणि त्याने ते तसंच येऊ दिलं.

बाहेर तमारा अबाया चढवून उभी होती. वेराला नको म्हणण्यात अर्थ नाही, हे तिला कळलं होतं. शाल आणायला जिदहफ्सला जावं लागणार होतं. तिचा डॉक्टर नवरा तिला दारात उतरवून केव्हाच परत गेला होता, आणि त्या घरात गाडी चालवता येणारा माणूस एकच होता.

उज्ज्वलने डोळे पुसले, चावी घेतली आणि म्हणाला, "चला, मी नेतो."