ऑड्रीचा जाड तुकडा

आमच्या घरात वाटणीचा एकच नियम होता. एकीने कापायचं, दुसरीने आधी उचलायचं. पुडिंग असो की वाढदिवसाचा केक, आईला त्यात मोठा न्याय दिसायचा. मी धाकटी, म्हणून सुरी बहुधा माझ्याकडे. कितीही सारखं कापलं तरी आमची ऑड्री डोळे बारीक करून जाड तुकडा हुडकायचीच.

आईला पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये हॅमची सँडविचेस खाताना ऑड्रीने पाद्रीबाबांना सांगितलं, की शेवटची वर्षं आईचं सगळं तिनेच केलं. रुमालही काढला. ही बाई बसने अर्ध्या तासावर राहते. यायची ती कधीतरी दुपारी, आणि चहाआधी निघायची. कधी गुडघे दुखायचे, कधी धुकं पडायचं. आईला न्हाऊमाखू मी घातलं, भरवलं मी. तिच्या बशीत मी आणखी एक सँडविच ठेवलं आणि ठरवलं, हिचं उट्टं काढायचं.

घर रिकामं करताना मीच म्हटलं, आईच्या नियमाने करू. भाग मी पाडते, निवड तू. ऑड्री खूश.

एका बाजूला मी आईची खुर्ची, भांडी आणि शाली मांडल्या. दुसऱ्या बाजूला काचेचं कपाट, सोनेरी काठाच्या कपबशा, भिंतीवरचं घड्याळ, आणि पिंजऱ्यात पेंगणारा बार्नबी, आईचा राखाडी पोपट.

"हा कशाला यात?" ऑड्रीने विचारलं.

"भाग सारखे नकोत? नाहीतर म्हणशील, एनिडने लबाडी केली."

"बोलतो का काही?"

"दुपारचा झोपतो." हे खोटं नव्हतं. "पण उचललेला तुकडा परत ठेवायचा नाही हं."

"नियम मला शिकवतेस?" ती म्हणाली, डोळे बारीक केले, आणि कपाटावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऐन चहाच्या वेळी फोन आला.

"एनिड, याला घेऊन जा."

मागे तिची किटली शिट्टी मारत होती. ती थांबली आणि घसा खाकरून आईचा आवाज आला, अगदी हुबेहूब. "आमची ऑड्री आली का गं? येते म्हणाली होती."

"किटली वाजली की सुरू होतो," ऑड्री म्हणाली. "तू आधी का नाही सांगितलंस?"

"आई रोज विचारायची. एकदा जरी चहाला थांबली असतीस, तर तुला ठाऊक असतं."

ती रडली. या वेळी रुमाल शोधायचं भान तिला नसावं. कपबशा घे, कपाट घे, म्हणाली. मी नाही म्हटलं. फिटंफाट झाली होती, आणि मला फार बरं वाटलं.

चहा सोडणं काही तिला जमत नाही. त्यामुळे ती रोज संध्याकाळी फोन करून विनवते, पोपट घेऊन जा म्हणून. माझ्याकडेही तेव्हा किटली वाजते, पण ती थांबली की इथे आता कोणीच काही विचारत नाही. ढीग मांडताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी रोज नाहीच म्हणते. फक्त म्हणायला जरा वेळ लावते. फोनमध्ये मागून आईच्या आवाजातला तो प्रश्न पुरा होऊ दे, मग.